घरचे ध्वनिमुद्रण : यादीच्या आधी खोली



गेल्या महिन्यात निपाणीकडच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन मजकडे आले. मुलगा विशीतला, गळा गोड, पेटीवरही हात चांगला बसलेला. त्याच्या हातात एक कागद होता. मायक्रोफोन, स्पीकर, संगणक, भिंतींना लावावयाचा फोम अशा वीस-बावीस वस्तूंची त्यावर यादी होती आणि तळाशी दीड लाख रुपये अशी बेरीज मांडली होती. घरातच गाणी मुद्रित करण्याचा स्टुडिओ उभारावा, ही त्याची मनीषा.

वडील म्हणाले, "फादर, पोरानं लई मनावर घेतलंय. सोसायटीचं कर्ज काढूया म्हणतोय. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी यादी दोनदा वाचली आणि मुलाला विचारले, "हे सारे कोणत्या खोलीत मांडणार आहेस?"

"सोप्यात, फादर."

"सोप्यावर कौले की पत्रा?"

"पत्रा."

"आणि समोर?"

"रस्ता. कारखान्याकडं जाणारा."

म्हणजे पावसाळ्यात डोक्यावर पत्र्याचा ताशा आणि उसाच्या हंगामात दारापुढून ट्रॅक्टरांची रांग, तीही मोठ्याने गाणी लावलेली! दीड लाखांच्या यादीत वीस वस्तू होत्या, परंतु खोलीविषयी एक ओळही नव्हती. मी त्या पितापुत्रांना जे सांगितले तेच आज येथे लिहीत आहे; कारण हा प्रश्न एका घरचा नाही. हाती मोबाइल आला तसे गावोगावच्या मुलांना आपले गाणे जगापुढे मांडता येईल असे वाटू लागले आहे, आणि ते वाटणे मुळीच चुकीचे नाही. चूक होते ती खर्चाच्या क्रमात.

पूर्वी हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग तेथे आले व त्यांनी गौहरजान आदी कलावंतांची गाणी तबकड्यांवर उतरविली. तेव्हा मायक्रोफोनचा वापर सुरू झाला नव्हता. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून उंच स्वरात गावयाचे, त्या स्वराच्या जोराने सुई हलावयाची आणि मेणावर रेघ उठावयाची. विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची पद्धत १९२५ मध्ये आली. तरीही आपल्या भागातील कलावंतांना मोठ्या शहराची वाट धरावीच लागे. हुबळीच्या गंगूबाई हनगल १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रणासाठी मुंबईस गेल्या. त्यांच्या आरंभीच्या काही तबकड्यांवर 'गांधारी हुबळी' असे नाव छापलेले आढळते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या, त्याही कंपनीच्याच. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले तेव्हा कोठे चांगला मायक्रोफोन या बाजूच्या गायकांच्या जवळ आला.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाइसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास स्टुडिओ बांधला नव्हता. हॉटेलातील एका मोठ्या खोलीत त्यांनी आपले यंत्र मांडले आणि काम उरकले. म्हणजे आपल्या देशातील ध्वनिमुद्रणाचा प्रारंभच तात्पुरत्या खोलीत झाला आहे. पुढे १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज एकापाठोपाठ मुद्रित करणारे छोटे यंत्र बाजारात आले. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी तसले यंत्र आणि दोन साधे मायक्रोफोन घेऊन जानेवारी १९८२ मध्ये घरच्या निजावयाच्या खोलीत काही गाणी कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. नंतर तीच गाणी त्यांनी वादकांसह मोठ्या स्टुडिओत करून पाहिली. पण घरच्या कॅसेटमधील जिवंतपणा तीत उतरेना. अखेर ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. अलीकडे बिली आयलिश या तरुण गायिकेने व तिच्या भावाने आईवडिलांच्या घरातील एका लहान खोलीत गाणी मुद्रित केली; त्या संग्रहाने २०२० च्या जानेवारीत ग्रॅमीचे सर्वोच्च मान मिळविले. तात्पर्य, घर ही अडचण नाही. घरातील कोणती खोली निवडावयाची, हा खरा प्रश्न आहे.

आता त्या खोलीकडे वळू.

घरातील प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी आणि कान द्यावा. टाळीनंतर 'टिंग' असा थरथरता आवाज मागे राहिला, तर ती खोली गाण्याच्या मुद्रणास योग्य नाही. उघड्या, गुळगुळीत, समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवीत राहतात. लांबी, रुंदी व उंची समान असलेली खोली तर सर्वांत वाईट. तेथे काही खर्जाचे स्वर फुगून येतात आणि काही नाहीसे होतात. याउलट ज्या खोलीत धान्याची पोती रचली आहेत, गाद्यांची चवड आहे, दांडीवर लुगडी-धोतरे लटकत आहेत, तेथे टाळी जागच्या जागी विझते. शहरातील मंडळी पैसे मोजून भिंतींना जे लावतात, ते आपल्या माजघरात आयतेच असते. तंबाखू साठविलेली खोली मात्र टाळावी. आवाजाला ती चांगली असेल, पण गाणाऱ्याचा घसा धरेल!

खोली निवडल्यावर घरच्या दोन-तीन जाड वाकळा घ्याव्यात. आमच्या आयाबायांनी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेली वाकळ ही आवाज शोषून घेणारी उत्तम वस्तू आहे. ती भिंतीला घट्ट चिकटवू नये. दोरीवर टाकून भिंतीपासून चार-सहा बोटे अंतर ठेवावे, म्हणजे तिचा उपयोग वाढतो. पहिली वाकळ गाणाऱ्याच्या पाठीमागे असावी. कारण मायक्रोफोनचे तोंड त्या भिंतीकडे असते आणि तिच्यावरून परतणारा आवाज तो सरळ टिपतो. अनेकजण नेमके याच्या उलट करतात व मायक्रोफोनच्या मागे सारा थाट मांडतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे किंवा थर्मोकोल भिंतीला डकविण्याची जी रीत ऐकिवात आहे, तिने जवळजवळ काहीच साधत नाही. आगीचे भय मात्र वाढते.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. वाकळ खोलीतला घुमारा कमी करते. बाहेरचा ट्रॅक्टर ती अडवीत नाही. बाहेरचा आवाज अडवावयास जाड भिंत व घट्ट बसणारे दार लागते, आणि तो खर्च आपल्या आवाक्यातला नव्हे. त्यावर उपाय वेळेचा. रात्री दहानंतर किंवा पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी काम करावे. पंखा बंद करावा, मोबाइल विमानातील पद्धतीवर टाकावा. फ्रीज बंद केल्यास गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू करण्याचा विसर पडत नाही. आपल्या विजेची लहर सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. अर्थिंग चांगले नसेल तर हाच हेलकावा मुद्रणात 'गूंऽ' असा उतरतो. अशा वेळी लॅपटॉपची चार्जरची वायर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच तो गुंजारव थांबतो. आणि मध्येच वीज गेली तरी गाणे तुटत नाही.

खोली साधली की मग वस्तू घ्याव्यात, आणि त्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली वस्तू विकत घ्यावयाचीच नाही. घरात जो मोबाइल आहे त्यावरच महिनाभर मुद्रण करावे. पोत्यांच्या खोलीत, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवलेला साधा मोबाइल हा पत्र्याच्या सोप्यातील महागड्या मायक्रोफोनहून चांगले काम करतो. याचे कारण सोपे आहे. अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. दूर ठेवलेला मायक्रोफोन गळ्यापेक्षा खोलीच अधिक ऐकतो.

महिन्यानंतरही उत्साह टिकला तर मायक्रोफोन घ्यावा. त्याचे मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर हा फार नाजूक कानाचा. श्वासही टिपतो, पण त्याचबरोबर शेजारचे कुत्रे, वरचा पाऊस आणि स्वयंपाकघरातील भांडीही टिपतो. त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा बहुधा लागतो व दमट हवा सोसत नाही. डायनॅमिक हा दणकट. जवळचे ऐकतो, दूरचे फारसे मनावर घेत नाही. सभामंचावर दिसतो तो बहुधा हाच. आमच्या खेड्यातील घरासाठी हाच प्रथम घ्यावा. तो तोंडासमोर अगदी सरळ न धरता किंचित बाजूला ठेवावा. नाहीतर 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचा वारा त्यावर आदळून भसका निघतो. भरतकामाच्या लाकडी कड्यावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून मध्ये उभा केला, की विकतच्या जाळीचे काम भागते.

दुसरी वस्तू ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी. मायक्रोफोनचा क्षीण विद्युतप्रवाह वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणे व ते संगणकाला देणे, हे तिचे काम. एकटे गाणाऱ्यास एक किंवा दोन मायक्रोफोनची पेटी पुरते. तिसरी वस्तू कान पूर्ण झाकणारा हेडफोन. आधी तंबोरा व ठेका मुद्रित करून त्यावर गाणे चढवावयाचे असेल, तर कानातील ठेका बाहेर सांडून मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये. यासाठी तो झाकणारा हवा. संगणकातून स्वतःचा आवाज उशिरा कानी येऊन ताल चुकतो. पेटीवर थेट ऐकण्याचे बटण असल्यास ते दाबावे. सोबत एक स्टँड व एक वायर.

मुद्रणाच्या प्रणालीसाठी तर पैसाही लागत नाही. 'ऑडॅसिटी' ही प्रणाली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार होऊन २००० मध्ये सर्वांसाठी मोफत खुली झाली, ती आजही मोफत आहे. चोरीच्या महागड्या प्रणाली वापरण्याचा मोह मुलांना होतो. त्यात पाप तर आहेच, शिवाय संगणकाला रोग लागतो तो निराळा. दुकानपरत्वे किमती कमीजास्त होतात, तथापि घरी लॅपटॉप असल्यास वरील सारे साहित्य पंधरा ते पंचवीस हजारांत येते. मोठे स्पीकर, फोम व बाकीच्या पंधरा वस्तू यादीतून खोडल्या, म्हणून कोणाचे गाणे अडत नाही.

मुद्रण करताना संगणकावर ४८,००० हर्ट्झ व २४ बिट ही मापे निवडावीत. आवाजाचा काटा सर्वांत उंच तानेलाही उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. आवाज हळू असेल तर मागाहून वाढविता येतो. परंतु काटा माथ्याला आपटून जो स्वर फाटला तो फाटलाच.

भजनी मंडळाचे किंवा चर्चमधील गायनवृंदाचे मुद्रण करताना दहा मायक्रोफोन हवेत असे कोणी समजू नये. एकच मायक्रोफोन मध्ये ठेवून माणसे त्याच्याभोवती अंतराने मांडावीत. मुख्य गायक हातभर अंतरावर, पेटी त्याच्या थोडी मागे, कोरस अर्धवर्तुळात, ढोलकी आणखी दूर आणि झांज सर्वांच्या मागे. एकदा वाजवून ऐकावे व ज्याचा आवाज वरचढ वाटतो त्यास दोन पावले मागे सरकवावे. जुन्या तबकड्यांच्या काळी अशाच तऱ्हेने आवाजांचा तोल साधीत असत. यात पैशापेक्षा नम्रता अधिक लागते, कारण झांजवाल्यास मागे जाण्याची इच्छा क्वचितच असते!

वडिलांनी अखेर मनातला प्रश्न विचारला. "फादर, ह्यातनं चार पैसं मिळतील का?" मी स्पष्ट सांगितले की, हप्ता फेडण्याइतके मिळतील असे धरून चालू नये. शाळेच्या संमेलनाची गाणी, दुकानाची रिक्षावरून फिरणारी जाहिरात, लग्नातील मंगलाष्टके अशी किरकोळ कामे मिळतात; ती मिळाली तर त्याच पैशातून पुढची वस्तू घ्यावी. उसाचे बिल केव्हा येईल याची शाश्वती नाही आणि गाण्याचे बिल तर त्याहून बेभरवशाचे. ज्या कर्जाची परतफेड लोकांच्या टाळ्यांवर अवलंबून आहे ते काढू नये.

मग मी मुलाला विचारले, "तुझी आज्जी आहे ना अजून? ती जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. त्या कोणी मुद्रित केल्यात का?" त्याने मान हलविली.

येथे माझी एक चूक सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असताना एका वृद्ध बाईंनी संध्याकाळभर मला ओव्या म्हणून दाखविल्या. मराठीत मध्येच कानडी शब्द, मध्येच माहेरच्या गावाचे नाव, आणि चाल तर मी अन्यत्र कोठे ऐकलेली नाही. मी ते सारे माझ्या मोबाइलवर मुद्रित केले आणि दुसरी प्रत काढण्याचा आळस केला. पुढे तो मोबाइल पाण्यात पडून निकामी झाला. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता पावसाळा लागला आणि त्या बाई वारल्या. त्यांच्या मुलीने नंतर एकदा मजकडे तो आवाज मागितला, तेव्हा मला खाली पाहावे लागले.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. हा संग्रह २०१७ पासून ग्रामीण भारताच्या एका संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत आहे. परंतु त्यांतील फार थोड्या ओव्यांचा आवाज मुद्रित आहे. बाकीच्यांचे शब्द तेवढे कागदावर राहिले. ती माणसे झटली म्हणून निदान शब्द तरी वाचले. आपल्या सीमाभागातील घरांतून पिठाच्या गिरणीने जाते केव्हाच मुके केले आहे. ज्यांच्या कंठात ती चाल आहे, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या आहेत. हे मुद्रण उद्यावर टाकता येण्यासारखे नाही.

म्हणून जतन करण्याचा नियम पाठ करावा. मूळ मुद्रण दाबून लहान न करता वेव्ह स्वरूपात ठेवावे. एका मायक्रोफोनचे तासाभराचे मुद्रण वरील मापांनी सुमारे ५२० मेगाबाइट भरते, म्हणजे साध्या पेनड्राइव्हमध्येही कित्येक तास मावतात. प्रती तीन असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख तोंडानेच उच्चारावी. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत असे, ते याच उपयोगाचे. आणि आज्जीचे गाणे गावभर पाठविण्यापूर्वी तिला विचारावे. गाणे तिचे आहे.

तीन आठवड्यांनी तो मुलगा एकटाच आला. कर्ज काढले नव्हते. पोत्यांच्या खोलीत दोन वाकळा टांगून, रात्री साडेदहाला, घरच्याच मोबाइलवर त्याने आज्जीच्या एकोणीस ओव्या मुद्रित केल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या ऐकल्या. आवाज कापरा, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ. मध्ये एका ठिकाणी ती थांबते, 'पुढचं आठवंना बाळा' म्हणते, काकणे वाजतात, आणि क्षणभराने पुढची ओळ तिला सापडते.

"ते मधलं कापून टाकू काय, फादर?" त्याने विचारले.

मी म्हटले, "मुळीच कापू नकोस. आणि दुसरी प्रत आजच काढ."

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या मेजावर ठेवला. तिसरी प्रत तो मजकडे ठेवावयासच आला होता.